लसीच्या थेंबांमागचा इतिहास

इतिहासाचा शिक्षक म्हणून माझी तीस वर्षे सनावळ्या पाठ करून घेण्यात गेली. 1761, 1818, 1857 ही साले आमची मुले झोपेतून उठवले तरी घडाघडा म्हणतील. पण ज्या सालांमुळे ती मुले आज वर्गात बसलेली आहेत, ती साले कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसतात. लढाया आणि तह यांच्या इतिहासाला आपण राजमार्ग मानतो. तान्ह्या मुलांच्या पोटातल्या लढाईचा इतिहास मात्र आजीबाईच्या बटव्यात बांधून कोनाड्यात ठेवून देतो. यंदा दिवाळी अंकासाठी काही लिहा, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा तोच कोनाडा चाचपडून पाहावा असे मनात आले. त्याला एक घरगुती कारणही आहे. ते आधी सांगतो.

1979 सालचा जानेवारी महिना. आमचे घर तेव्हा बेळगाव जिल्ह्यातल्या एका लहान गावात होते. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, मी नऊ वर्षांचा, आणि धाकटी बहीण अकरा महिन्यांची. घरात मराठी, दारात कानडी, आणि अंगणातल्या खेळात दोन्ही, असा आपल्या भागातला नेहमीचा संसार. धाकटीची ती पहिली संक्रांत. आईने हौसेने काळे झबले शिवले, हलव्याचे दागिने केले आणि बोरन्हाण घातले. डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे वेचायला गल्लीतली पोरे तुटून पडली होती. मीही त्यांत होतो.

दोन दिवसांनी धाकटीला ओकाऱ्या सुरू झाल्या. मग ताप आला आणि मग पाण्यासारखे जुलाब. सहाणेवर मुरुडशेंग उगाळली, मायफळ उगाळले. दृष्ट काढली. कोणी म्हणाले, दात येताहेत. कोणी म्हणाले, बोर खाल्ले असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांनी निर्णय दिला, "पाणी तोडा. दूधही तोडा. जाईल तेवढं बाहेरच पडतंय." आईने पाणी तोडले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कानडी अक्का वाटीभर तांदळाची गंजी घेऊन आल्या. गंजी म्हणजे आपली पेज. त्यात मीठ घातले होते. "चमच्या चमच्यानं घाला," असे त्या आपल्या मोडक्या मराठीत सांगत होत्या. आईने त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवले. तिसऱ्या दिवशी पहाटे तालुक्याच्या गावी न्यायचे ठरले. धाकटीचे डोळे खोल गेले होते आणि टाळू बसली होती. बसमध्येच सारे संपले.

या घटनेचा उच्चार आमच्या घरात पुढे कधी झाला नाही. मात्र संक्रांतीला आईने पुन्हा कोणाच्याही मुलाचे बोरन्हाण घातले नाही, आणि बोलावणे आले तरी ती गेली नाही.

आता सनावळी पाहा.

1971 साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे प्रमाणात मिश्रण करून ते पाण्यातून पाजायला सुरुवात केली. पाजणारे होते रुग्णांचेच नातेवाईक. जेथे शंभरांतले तीस दगावत होते, तेथे हे प्रमाण चारच्याही खाली आले. यामागचे विज्ञान सोपे आहे. जुलाब चालू असतानाही आतड्यात साखरेबरोबर मीठ आणि मिठाबरोबर पाणी शोषले जाते. 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाने 1978 साली या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. म्हणजेच, पाणी तोडायचे नसते, पाजायचे असते, हे आमच्या घरी पाणी तोडले जाण्यापूर्वी आठ वर्षे सिद्ध झालेले होते. पुढे तांदळाच्या पेजेवर आधारलेल्या अशाच मिश्रणाचे प्रयोग ढाक्यात झाले आणि तेही गुणकारी ठरले. अक्कांच्या वाटीत काय होते, हे मला तेव्हा कळले.

1973 साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी डॉ. रूथ बिशप आणि त्यांचे सहकारी एका जुन्या कोड्याशी झगडत होते. जुलाबाने इस्पितळात येणाऱ्या निम्म्याअधिक मुलांमध्ये कोणताही जंतू सापडत नसे. त्यांनी अशा नऊ मुलांच्या लहान आतड्याचा कणभर तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नवांपैकी सहांमध्ये एकाच आकाराचे विषाणू दाटीवाटीने बसलेले दिसले. पुढल्याच वर्षी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या डॉ. थॉमस फ्लुएट यांनी त्याच्या आकारावरून नाव सुचविले. लॅटिन भाषेत 'रोटा' म्हणजे चाक. गाडीच्या चाकासारखा तुंबा, आरे आणि धाव असलेला हा विषाणू तेव्हापासून 'रोटाव्हायरस' झाला.

धाकटीला रोटाव्हायरसच झाला होता, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तसा पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून बोलणे इतिहासाच्या माणसाला शोभत नाही. परंतु थंडीचे कोरडे दिवस, वर्षाच्या आतले वय, आधी ओकारी, मग ताप आणि पाण्यासारखे जुलाब ही सारी लक्षणे त्याच्याशी जुळतात. आमच्या विहिरीचे पाणी स्वच्छ होते आणि आई ते उकळूनच देत असे.

या विषाणूची खरी गोम येथेच आहे. पटकी, विषमज्वर हे गढूळ पाण्याचे रोग. नळ आला, गटार झाले, की ते ओसरतात. रोटाव्हायरसचे तसे नाही. अमेरिकेतल्या चकचकीत घरातले मूल असो की आपल्या वाडीवरचे, लस नसेल तर पाच वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची बाधा होतेच. विषाणूचे थोडेसे कण संसर्गाला पुरतात, आणि ते हातांवर, खेळण्यांवर, पाळण्याच्या दांडीवर टिकून राहतात. साबणाने हात धुतल्याने प्रमाण घटते, पण थांबत नाही. पोटात गेल्यावर तो लहान आतड्याच्या अस्तरावरचे अन्नपाणी शोषणारे बारीक अंकुर नासवतो. मग प्यालेले पाणी शोषले जात नाही आणि शरीरातले होते तेही वाहून जाते. प्रतिजैविकांचा त्याच्यावर काडीमात्र उपयोग नाही. मूल श्रीमंताचे असेल तर ते सलाईनवर तगते, गरिबाचे दूर राहिलेले मूल तगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2008 या एका वर्षात पाच वर्षांखालील सुमारे साडेचार लाख मुले या विषाणूने दगावली, आणि त्यांतली जवळजवळ एक लाख भारतातली होती.

मात्र निसर्गानेच एक वाट दाखवून ठेवली होती. पहिल्या बाधेत मूल गंभीर आजारी पडते, दुसऱ्या-तिसऱ्या बाधेत सहसा नाही. मग आजाराशिवाय 'पहिली बाधा' करून देता येईल काय? लस म्हणजे याच प्रश्नाचे उत्तर.

येथे आपल्या वाचकांना बेळगावच्या टिळकवाडीतले 'व्हॅक्सिन डेपो'चे मैदान आठवावे. आज आपण तेथे सकाळी फिरायला जातो, जुन्या झाडांखाली बसतो. पण हे नाव पडले ते बेळगाव मुंबई इलाख्यात असताना तेथे देवीची लस तयार होत असे म्हणून. ती लस जनावरांच्या वासरांच्या कातडीवर वाढवीत. 1796 साली एडवर्ड जेन्नरने गोस्तनदेवीच्या पुळीतून जो धागा उचलला, तो 14 जून 1802 रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीच्या दंडावर भारतात पोचला, आणि पुढे शतकभराने आपल्या गावाच्या वेशीत आला. 'लस' हा शब्दही फोडातून पाझरणाऱ्या द्रवावरूनच आला. कानडीत तिला 'लसिके' म्हणतात. भांडणाच्या भाषा दोन असल्या तरी औषधाचा शब्द एकच आहे.

रोटाव्हायरसच्या लसीची सुरुवातही वासरापासूनच झाली. 1969 साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात वासरांच्या हगवणीत असाच विषाणू सापडला होता. वासराचा विषाणू माणसाच्या मुलाला आजारी पाडत नाही, पण ओळख करून देतो, या आशेवर तयार केलेली पहिली लस 1983 च्या सुमारास फिनलंडमध्ये चांगली चालली. आफ्रिकेत मात्र ती फसली. ज्या घराला गरज नाही तेथे औषध लागू पडावे आणि गरजवंताच्या घरी निष्फळ ठरावे, हा या कथेतला पहिला दैवदुर्विलास.

दुसरा त्याहून मोठा. अमेरिकेतील डॉ. आल्बर्ट कपिकियन यांनी माकडाच्या विषाणूत माणसाच्या विषाणूची जनुके मिसळून लस घडविली. ऑगस्ट 1998 मध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली. वर्षाच्या आतच लक्षात आले, की ही लस घेतलेल्या काही बाळांचे आतडे दुर्बिणीच्या नळीसारखे आतल्या आत सरकून अडकते आहे. हे प्रमाण दहा हजारांत एक असे होते. 1999 साली लस मागे घेण्यात आली. अमेरिकेपुरता हा निर्णय योग्यच होता. तेथे या रोगाने वर्षाला काही डझन मुले जात, निरोगी मुलांना धोक्यात घालण्याचे कारण नव्हते. पण जेथे लाखाच्या हिशेबाने मुले मरत होती, त्या देशांचे काय? तेथे हीच लस एका बाळाला धोका आणि शेकडोंना जीवदान देणारी ठरली असती. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत यावर खल झाला. परंतु अमेरिकेने टाकून दिलेली लस आपल्या मुलांना देतो, असे कोणत्या गरीब देशाचा मंत्री आपल्या जनतेला सांगू शकणार होता? ती लस गेली ती गेलीच. पुढच्या दोन परदेशी लसी यायला 2004 आणि 2006 साल उजाडले, आणि त्यांच्या किमती आपल्या सरकारी दवाखान्यांना परवडण्यासारख्या नव्हत्या.

तिकडे हे चालू असताना दिल्लीत एक वेगळीच गोष्ट घडत होती. 1985-86 च्या सुमारास अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान या बालरोगतज्ज्ञांना नवजात बालकांच्या कक्षात रोटाव्हायरस सापडला. बाळांच्या शौचात विषाणू होता, पण एकाही बाळाला जुलाब नव्हते! दुसरा कोणी असता तर 'आजार नाही' असे लिहून मोकळा झाला असता. भान त्या बाळांच्या मागावर राहिले. पुढे त्या मुलांना गंभीर जुलाबापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळाल्याचे दिसले. हा विषाणू माणसाचाच होता, पण त्याचे एक जनुक गाईगुरांच्या विषाणूचे होते. प्रयोगशाळेत जी मिसळण करायला अमेरिकेत वर्षे लागली, ती निसर्गाने दिल्लीतल्या पाळण्यात आपोआप करून ठेवली होती. त्याला नाव मिळाले '116-ई'.

त्या नावापासून लसीच्या कुपीपर्यंतचा प्रवास सुमारे तीस वर्षांचा. त्यात 1987 चा भारत-अमेरिका लस सहकार्य करार आहे, केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे, हैदराबादची भारत बायोटेक कंपनी आहे, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. गगनदीप कांग आहेत. एक डॉलरच्या आसपास किमतीत लस देण्याचे कंपनीने कबूल केले होते. अखेरची मोठी चाचणी 6,799 बाळांवर झाली, ती दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू परिसर अशा तीन ठिकाणी. वढू बुद्रुक आपल्याला माहीत आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. त्याच पंचक्रोशीतल्या आयाबायांनी आपली सहा-सात आठवड्यांची बाळे या कामासाठी पुढे केली, ही गोष्टही इतिहासातच जमा व्हायला हवी. 2013 च्या मे महिन्यात निष्कर्ष जाहीर झाले. पहिल्या वर्षात गंभीर आजारापासून सुमारे 56 टक्के संरक्षण. 26 मार्च 2016 रोजी आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशा या चार राज्यांत ही 'रोटाव्हॅक' लस सरकारी लसीकरणात आली.

दुसरी भारतीय लस पुण्याची. सीरम इन्स्टिट्यूटची 'रोटासील' गाईच्या आणि माणसाच्या विषाणूंच्या मिसळणीतून झाली असून तिचे मूळ कपिकियन यांच्याच संस्थेत आहे. ती भुकटीच्या रूपात येते आणि उन्हाळ्यातली उष्णता सोसते. आफ्रिकेतल्या नायजर या वाळवंटी देशात ती शीतपेटीशिवाय नेऊन दिली गेली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत सुमारे 67 टक्के संरक्षण आढळले. भारतातील चाचणीत मात्र हे प्रमाण चाळिशीच्या आतच राहिले. टप्प्याटप्प्याने, 2019 मध्ये, कर्नाटक आणि महाराष्ट्रासह देशभर रोटाव्हायरसची लस सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळू लागली. भान यांनी हे पाहिले. 26 जानेवारी 2020 रोजी ते निवर्तले.

"पन्नास टक्के म्हणजे काठावर पास," असे आमचे एक सहशिक्षक म्हणाले. गुणपत्रिकेच्या भाषेत ते खरे आहे. पण जेथे रोग घराघरात जातो, तेथे निम्मे टळणे म्हणजे हजारो पाळणे भरलेले राहणे. लसीपूर्वी जुलाबाने इस्पितळात दाखल होणाऱ्या मुलांपैकी सुमारे 40 टक्क्यांमध्ये रोटाव्हायरस सापडत असे, लसीनंतर हे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांवर आले. आतडे अडकण्याच्या जुन्या भीतीमुळे देशातील अनेक इस्पितळांत डोळ्यात तेल घालून पाहणी झाली. 'रोटाव्हॅक'मुळे तो धोका वाढल्याचे आढळले नाही. तरीही लस घेतल्यानंतर बाळ थांबून थांबून किंचाळत असेल, पोट फुगले असेल, शौचात रक्त दिसत असेल, तर घरी थांबू नये हे सांगायलाच हवे.

आपल्या सीमाभागापुरती एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आपल्या लेकी बाळंतपणाला चंदगड-गडहिंग्लजहून बेळगाव-खानापूरकडे येतात, किंवा उलट जातात. लसीचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात, म्हणजे नेमके माहेर-सासर बदलण्याच्या दिवसांत. एका राज्यात एका कंपनीची लस असते, तर दुसऱ्या राज्यात दुसरीची. शक्यतो तिन्ही डोस एकाच लसीचे व्हावेत. पण तीच मिळत नाही म्हणून डोस चुकवू नये, मिळेल ती घ्यावी. कर्नाटकाचे 'तायी कार्ड' असो की महाराष्ट्राचे माता-बाल कार्ड, ते बाळंतविड्याबरोबर पिशवीत टाकावे. विषाणूला राज्याची हद्द ठाऊक नसते. आणि लस घेतली तरी जुलाब झालेच, तर क्षार-संजीवनीची पुडी लिटरभर पाण्यात. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. अंगावरचे दूध तोडू नये. पाणी तर नाहीच नाही.

आता शेवटची गोष्ट. 2022 च्या फेब्रुवारीत माझी लेक बाळंतपणाला आली होती. सहाव्या आठवड्यात आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. आईही हट्टाने आली. तेव्हा तिचे वय ऐंशीच्या घरात होते. नर्सबाईंनी पोलिओबरोबर दुसऱ्याही औषधाचे थेंब बाळाच्या तोंडात सोडले. आईने विचारले, "हे कशाचं गं?" नर्सबाई म्हणाल्या, "वांती-भेदीचं, अज्जी. लहान पोरांस्नी होतंय न्हवं, त्याचं."

घरी आल्यावर मी आईला सारे सांगितले. चाकासारखा विषाणू, स्वच्छ घरातही शिरतो, थंडीत जोर करतो. "आई, बोरांचा काही संबंध नव्हता," असेही म्हणालो. तेहेतीस शाळांची तपासणी केल्यासारखे सगळे मुद्देसूद सांगितले आणि थांबलो. बनगावची गोष्ट सांगितली नाही. पाण्याचा उल्लेख टाळला. इतिहासातला हवा तेवढाच भाग सांगणाऱ्यांवर मी वर्गात नेहमी टीका करतो. त्या दिवशी मी तेच केले.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि अक्काची गंजी दिली असती तर?"

"ते आता सांगता येत नाही, आई."

"तुला येतंय सांगायला. तू सांगत नाहीस." ती म्हणाली. "त्यांना मी उंबऱ्यावरनंच लावून दिलं. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही, की बोलणं सोडलं नाही. तू लिहितोस कुठं कुठं, तर हे लिही. बाकीच्यांना तरी कळूदे."

पुढच्या संक्रांतीला पणतीचे बोरन्हाण आईनेच घातले. हात थरथरत होते, म्हणून बोरांची वाटी आम्ही दोघांनी मिळून धरली. 2024 साली ती गेली. तिने सांगितलेले लिहायला मला एवढे दिवस लागले.